आक्काचा एक शेअर

माझी मोठी बहीण, आमची आक्का, तीर्थपुरीजवळ मोसंबीची बाग बघते. मोसंबीचा भाव कितीही पडला तरी ती डगमगत नाही, पण शेअर बाजाराचं नाव काढलं की कानावर हात ठेवायची. दोन वर्षांपूर्वी ती जुन्या जालन्यात माझ्याकडे काही दिवस राहायला आली, तेव्हा मी मोबाइलवर भाव बघत बसले होते.

"काय करून राह्यली?"

"शेअर बघतेय."

"सट्टा हाय तो. बिलकुल नको!"

मीसुद्धा काही धाडसी बाई नव्हे. शाळेतली नोकरी, ठरलेला पगार. अडीअडचणीचे पैसे बँकेत वेगळे ठेवले, तेव्हाच शेअर ठेवायचं डिमॅट खातं उघडलं. उसने पैसे त्यात घालायचे नाहीत, आणि 'हा शेअर घ्या, दुप्पट होईल' असा मेसेज आला की वाचायच्या आधी पुसायचा, एवढं पक्कं ठरवलं होतं. तिला म्हटलं, "शेअर म्हणजे कंपनीतला बारकासा हिस्सा. कंपनी चालली तर आपलं भलं, बुडाली तर आपला हिस्साही बुडाला."

आक्का माझ्या मोबाइलमध्ये डोकावली. मग म्हणाली, "आपल्या विहिरीवरच्या पंपाची कंपनी हाय का ह्याच्यात?"

होती.

"मंग तिचा हिस्सा घिऊ. एकच."

तिचं खातं उघडलं, तिच्या नावाचा ईमेलही काढला. चालू भावाला घेता येतं किंवा आपला भाव सांगून थांबता येतं, हे कळल्यावर ती खूश झाली. "हे बराबर हाय. मी सांगीन तो भाव!" तिने मुद्दाम कमी भाव लावला. रोज सकाळी आम्ही तोच भाव पुन्हा टाकायचो, संध्याकाळी हात हलवत परत. एक दिवस मी शाळेत असताना तिचा फोन आला. "मिळाला गं! माझ्याच भावात!" तिच्या आवाजाने शिक्षकांच्या खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

पुढच्याच आठवड्यात भाव घसरला. मला तिची काळजी वाटली. ती म्हणाली, "कंपनीनं पंप बनवायचं सोडलं का? न्हाई ना? मंग राहू दे." आणि पिशवी उचलून गावी, बागेकडे निघून गेली.

पुढे कंपनीचा ईमेल आला. वार्षिक सभा व्हिडिओवर होती, आधी नाव नोंदवलं तर भागधारकाला बोलता येणार होतं.

"मला बी?"

"तुला बी. एक शेअर असला तरी."

सभेच्या दिवशी आक्का पहिल्या बसने माझ्याकडे आली, कारण गावात नेट अडकतं. ठेवणीतली साडी, केसात गजरा. सगळी सभा इंग्रजीत चाललेली, ही शांत बसून होती. तिचं नाव पुकारलं तशी ती बोलायला लागली आणि बोलतच सुटली.

"आक्का, म्यूट काढ! म्यूट!"

मग पहिल्यापासून सुरुवात. "नमस्कार. मी तीर्थपुरीहून. तुमचा पंप चांगला हाय. मी तुमची मालकीण बी हाय आन् गिऱ्हाईक बी. पण पंप बिघडला का मिस्तरी जालन्याहून येतो, तवर बाग वाळून राह्यती. आमच्याकडं माणूस का ठेवत न्हाई?"

पडद्यावरचे अध्यक्ष मोकळेपणाने हसले. मोडक्या मराठीत म्हणाले, "ताई, आम्ही नक्की बघतो."

"बघतो न्हाई. कधी, ते सांगा."

मी ओढणीत तोंड लपवून हसत होते. अध्यक्षांनी तिथल्या तिथे कुणाला तरी तिला फोन करायला सांगितलं, आणि तो फोन खरंच आला. पुढच्या उन्हाळ्याच्या आधी, आठवडी बाजाराच्या दिवशी तीर्थपुरीत कंपनीचा मिस्तरी बसायला लागला. कदाचित त्यांचं आधीच ठरलेलं असेल, असं मी एकदा म्हणून पाहिलं. आक्काला ते मुळीच पटलं नाही.

मिस्तरी पहिल्यांदा आला त्या दिवशी तिने मला व्हिडिओ पाठवला. तो चहा पितोय, आणि ही शेजारणींना सांगतेय, "आपल्या कंपनीचा माणूस हाय."