निळ्या तारांची जोडी

माझं शेवटचं पोस्टिंग कोल्हापूर होतं. बावीस वर्षं लष्कराच्या सिग्नलमध्ये काढली. राजस्थान झालं, अरुणाचल झालं, काश्मीर दोनदा झालं. शेवटची दोन वर्षं घराजवळ मिळावीत म्हणून अर्ज केला होता, तो मंजूर झाला. शाहूवाडीच्या डोंगरातल्या माझ्या गावाहून एसटीने दोन तासांत शहरात येता यायचं. बायको म्हणाली, आता सुटलो. मलाही तसंच वाटलं.

लोक मला काश्मीरचं विचारतात. मी कोल्हापूरचं सांगतो.

ऑफिस लहान होतं. निवृत्त जवानांचे आणि जवानांच्या विधवांचे पेन्शनचे कागद तिथे व्हायचे. रस्त्याच्या कडेला जुनी इमारत, खाली गाडी लावायची जागा, वरच्या मजल्यावर तीन खोल्या. मागे अंगण आणि अंगणाच्या टोकाला, ओढ्याच्या भिंतीला लागून, पत्र्याच्या छपराची रेकॉर्ड रूम. तिची जमीन अंगणापेक्षा दोन पायऱ्या खाली होती. आत लोखंडी रॅकवर चाळीस वर्षांच्या फायली. खिडक्यांना चोरांसाठी गज. दार एकच, तेही बाहेर उघडणारं.

माणसं तीन. सुभेदार साहेब इन्चार्ज. मी हवालदार. आणि नाईक बसगोंडा मगदूम.

बसगोंडा कुरुंदवाडचा. घरात कानडी, बाहेर मराठी, परेडवर हिंदी. उंच, खांद्याने रुंद, बोलायला सावकाश. मला उस्ताद म्हणायचा. सांगितलेलं काम पुन्हा विचारायचा नाही, करून आल्यावर फक्त "झालं" म्हणायचा.

दोन हजार पाचच्या जूनमध्ये ऑफिसला पाच कॉम्प्युटर आणि त्यांना जोडणारा सोळा पोर्टचा स्विच मिळाला. त्याआधी हब होता. हब म्हणजे चावडीवर ओरडून निरोप देणं, सगळ्यांना सगळं ऐकू जातं आणि गोंधळ होतो. स्विच ज्याचा निरोप त्यालाच देतो. आमच्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजवर बसलेला ऑपरेटर करायचा तेच काम. मी बसगोंडाला असं समजावलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे आपलीच ड्यूटी की, उस्ताद."

काम चार दिवस चाललं. पहिल्या दिवशी मोजमाप. दुसऱ्या दिवशी भिंतीला पट्ट्या ठोकून केबल ओढली. तिसऱ्या दिवशी टोकं बांधली. केबलच्या आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. रंगांचा क्रम चुकला की लाइन मुकी. बसगोंडा तो क्रम कानडीत पाढ्यासारखा म्हणत एकेक टोक क्रिम्पिंगच्या पकडीत दाबायचा. त्याचं एकही टोक फेल गेलं नाही. माझी दोन गेली.

सगळ्यात लांबची लाइन रेकॉर्ड रूमची, अंगणावरून साठ मीटर. तिथे एक कॉम्प्युटर आणि आठ पोर्टचा छोटा स्विच लावायचा होता. सुभेदार साहेबांना तिथे इंटरकॉमही हवा होता, पण दुसरी वायर मंजूर नव्हती. कॉम्प्युटरला चारपैकी दोनच जोड्या लागतात. मी निळी जोडी बाजूला काढली, दोन्ही टोकांना जुने टेलिफोन जोडले आणि वरच्या खोलीत मध्ये बारा व्होल्टची बॅटरी घातली. आवाज स्वच्छ आला. घंटी मात्र वाजत नव्हती. म्हणून ठरवलं, बोलायचं असेल त्याने आपल्याकडची केबल स्विचमधून काढून पुन्हा लावायची. समोरच्या स्विचवरचा हिरवा दिवा जातो आणि येतो. दिवा लुकलुकला की फोन उचलायचा. चौथ्या दिवशी सुभेदार साहेबांनी स्वतः बोलून बघितलं आणि चहा मागवला.

जुलैच्या शेवटी पाऊस थांबेना. पंचगंगेचं पाणी रोज वर येत होतं. त्या दिवशी सकाळी नऊला सुभेदार साहेब पुराच्या मीटिंगला गेले. त्यांचा मोबाइल त्यांच्याबरोबर गेला. ऑफिसचा फोन आदल्या दिवसापासून बंद होता. अंगणात घोटाभर पाणी होतं.

साडेनऊला हौसाबाई आल्या. शिपायाची विधवा, पासष्टीच्या, आमच्याच बाजूच्या. परवापासून शहरात पुतणीकडे अडकल्या होत्या. नवऱ्याचं नाव पेन्शनच्या कागदावर चुकलं होतं आणि मूळ फॉर्म रेकॉर्ड रूमला होता. अशा पाण्यात कशाला आलात म्हटलं, तर म्हणाल्या, दोन वर्षं येतेय, आज तरी गर्दी नसंल.

नऊ चाळीसला मी बसगोंडाला सांगितलं, रेकॉर्ड रूममधला स्विच आणि कॉम्प्युटर रॅकच्या वरच्या फळीवर उचलून ठेव, खालच्या फायली वर घे, मावशींचा फॉर्मही काढ. मावशी म्हणाल्या, मी बी येते, फोटो वळकायला. मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, जावा, जपून.

दहा दहाला मागे मोठा आवाज झाला. मी खिडकीत गेलो. ओढ्याची कंपाउंड भिंत पडली होती आणि ओढा अंगणात शिरला होता. पाणी रेकॉर्ड रूमच्या दारावर थेट आदळत होतं. मी बघेपर्यंत अर्धं दार बुडालं.

मागे वळलो तर स्विचवरचा सात नंबरचा, रेकॉर्ड रूमचा दिवा जात होता, येत होता. फोन उचलला.

"उस्ताद, दार उघडंना. पाण्यानं दाबलंय."

"मावशी?"

"रॅकवर चढवल्यात. माझ्या कमरंएवढं पाणी हाय."

"खिडकी?"

"गज काय हलत न्हाईत."

लाइट गेली. स्विचचे सगळे दिवे विझले. निळी जोडी बॅटरीवर होती, ती चालू राहिली. फोन खाली ठेवायचा नाही, असं मी त्याला सांगितलं. त्यानंतर पाच तास ती लाइन चालू राहिली.

दोर शोधला, नव्हता. खोक्यात उरलेली केबल होती. ती आठपदरी केली, एक टोक जिन्याच्या कठड्याला, दुसरं कमरेला. खाली उतरलो. पाणी मांडीला लागलं आणि पाय सुटले. अंगण साठ मीटरचं. मी वीसपर्यंत गेलो असेन. पाण्यातून आलेला एक ओंडका बरगडीवर बसला आणि प्रवाहाने मला इमारतीच्या भिंतीला आणून लावलं. केबल धरून वर आलो. दहा मिनिटांनी पुन्हा उतरलो. या वेळी केबल हातातून सरकली आणि दोन्ही तळवे सोलवटले. पुन्हा जिन्याला आलो. तिसऱ्यांदा उतरलो असतो तर परत आलो नसतो आणि फोनवर कोणी राहिलं नसतं. हा हिशोब मी तेव्हा केला. अजून करतो.

समोर रस्त्यावरही पाणी होतं, माणूस कुणी नव्हता. मी मागच्या खिडकीतून रेकॉर्ड रूमचा पत्रा बघत होतो, पुढच्या खिडकीतून रस्ता बघत होतो आणि मध्ये येऊन फोन कानाला लावत होतो. तीन खोल्यांत तेवढ्याच येरझाऱ्या. रेकॉर्ड रूममध्ये काय चाललंय ते सगळं ऐकू येत होतं. करता काही येत नव्हतं.

बाराच्या सुमाराला तीन रॅक पडले. राहिला एकच, भिंतीला एका बोल्टने अडकवलेला. त्याच्या वरच्या फळीवर हौसाबाई पत्र्याला डोकं लावून बसल्या होत्या. दोघांचं वजन त्याला पेललं नसतं. बसगोंडा खाली उभा राहून रॅकला खांदा देत होता, हलू नये म्हणून. मी त्याला दर पंधरा मिनिटांनी पाण्याची पातळी विचारायचो. तो सांगायचा. कंबर. छाती. काख. मध्ये मी काहीबाही बोलत राहिलो, त्याच्या घरच्या म्हशींचं, कुरुंदवाडच्या बाजाराचं. पाणी गार होतं आणि त्याची बोलण्यातली अंतरं वाढत होती.  मी हाक मारली तर म्हणाला, "हाय, हाय. झोप आल्यागत हुतंय."

"झोपायचं नाही. ऑर्डर आहे."

"व्हय."

मी त्याला रंगांचा क्रम म्हणायला लावला. तो कानडीत म्हणत राहिला. मला कानडी येत नाही, पण क्रम चुकला तर कळलं असतं. चुकला नाही.

दोन पन्नासला रस्त्यावर बोटीचं इंजिन वाजलं. रबरी बोट, आत तिघं. मी पुढच्या खिडकीतून चादर हलवली, ओरडलो. बोट थांबली. मागे दोन माणसं अडकलीत, दार बंद आहे, पत्रा तोडावा लागेल, असं सांगितलं. इमारतीला वळसा घालून जायला त्यांना रस्ता शोधावा लागणार होता, अंगणात भिंतीचे दगड होते. कुठला पत्रा, असं त्यांनी विचारलं. मी फोनवर विचारलं.

"उत्तरंकडनं तिसरा," बसगोंडा म्हणाला. "मावशी त्याच्या खालीच हायत. जपून तोडा म्हणावं."

मी खिडकीतून तसंच ओरडून सांगितलं. बोट वळली. फोनवर आलो आणि म्हटलं, बोट आली, पंधरा मिनिटं धर.

"पाणी हनुवटीला लागलंय," तो म्हणाला. "रॅक सुटायलाय. उस्ताद, आता दोन्ही हात लागत्यात. मावशीकडं फोन देतो."

मी काही बोलायच्या आत त्याने फोन वर दिला. हौसाबाईंचा श्वास ऐकू आला. मी विचारलं, मावशी, बसगोंडा दिसतोय का. म्हणाल्या, दिसतोय, डोकं दिसतंय. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.

"हात दिसत्यात बाबा," त्या म्हणाल्या. "रॅकला धरलेत."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या बोलल्या नाहीत. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. रॅक हलत नव्हता. नंतर पत्र्यावर कुऱ्हाडीचे घाव वाजले, ते मला खिडकीतूनही ऐकू आले आणि फोनमधूनही.

तीन वीसला हौसाबाईंना वर काढलं. बोटीतल्या एकाने कमरेला दोर बांधून आत उडी घेतली. बसगोंडाला काढायला वेळ लागला, कारण रॅकच्या उभ्या पट्टीमागे त्याने दोन्ही हात अडकवून घेतले होते. बोटीत ठेवून त्यांनी त्याच्या छातीवर बराच वेळ दाब दिला. मी वरून बघत होतो. चारला मलाही बोटीत घेतलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो.

चौकशी झाली. नाईक मगदूमला त्या वेळी रेकॉर्ड रूममध्ये कशासाठी पाठवलं, हा प्रश्न होता. फायली वाचवायला असं लिही, सुभेदार साहेबांनी मला हळूच सुचवलं. ते चांगल्या मनाने बोलले. मी पहिलं कारण पहिलं लिहिलं. स्विच उचलायला पाठवलं. आठ पोर्टचा, तळहाताएवढा डबा. मला दोष लागला नाही. पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो.

पाणी ओसरून रस्ता सुरू झाल्यावर मी कुरुंदवाडला गेलो. हौसाबाईंनी बरोबर येते म्हणून हट्ट धरला, त्यांनाही नेलं. बसगोंडाच्या घरात भिंतींवर पुराची ओल पुरुषभर उंच होती. त्याची बायको बोलायच्या स्थितीत नव्हती. आई उंबऱ्यात बसली होती. हौसाबाई तिच्या पायाशी बसल्या आणि तिचे हात धरून राहिल्या.

काय झालं ते मी सगळं सांगितलं, माझी ऑर्डर धरून. म्हातारीने मध्ये अडवलं नाही. शेवटी तिने एवढंच विचारलं, "अंधारात एकटा हुता का रं त्यो?"

"न्हाई, अव्वा," मी म्हणालो. "मावशी हुत्या. मी बी हुतो, फोनवर. शेवटपर्यंत."

 म्हातारी उठली आणि आत जाऊन आम्हा दोघांना ताट वाढून आणलं. जेवल्याशिवाय जायचं न्हाई, म्हणाली. आम्ही जेवलो.

नाईक बसगोंडा मगदूम, मुक्काम कुरुंदवाड. वय एकतीस. सर्व्हिस बारा वर्षं. तो युद्धात गेला नाही, म्हणून कुठल्या दगडावर त्याचं नाव नाही. मी इथे लिहितो.