वादकाची पाठ

"ज्यानं वरातीची ही धून वाजवली त्याला नवरी कधी दिसलीच नाही," असं गुरो एकदा फिडलवादक मंडळाच्या बैठकीत म्हणाली होती. सगळे हसले. गुरो बोलली की हसायचं, अशी दरीत रीतच पडली होती.

तिचं आयुष्य पासपोर्टच्या फोटोंत गेलं. पासपोर्ट, चर्चमध्ये दीक्षा घेणारी पोरं, जत्रेत बक्षीस मिळवलेल्या मेंढ्या. आपल्या फोटोच्या दुकानाच्या वरच्या खोलीत ती एकटी राहायची. तिचे वडील आस्लाक हे वरातीपुढे चालणारे दरीतले शेवटचे वादक. त्यांच्यानंतरही वाजवणारे झाले, पण मंचावर. आस्लाक रस्त्यावर वाजवायचे. नवरीच्या घरापासून चर्चपर्यंत ते पुढे आणि मागे घोड्यावर नवरी. चर्च आलं की वादकानं बाहेर थांबायचं, कारण फिडल, हे गावाकडचं व्हायोलिन, म्हणजे सैतानाचं वाद्य असं चर्च मानायचं. दार लागायचं. बोटं काखेत दाबून आस्लाक पायरीवर बसायचे आणि छोटी गुरो त्यांच्या शेजारी. फिडलच्या वरच्या तारांखाली तरफेच्या तारा असतात. त्यांना कुणी हात लावत नाही, तरी गज थांबल्यावर त्याच गुणगुणत राहतात. बंद दाराशी तिनं त्या ऐकल्या होत्या. त्या गोड नव्हत्या. दात आवळून बोलल्यासारख्या होत्या.

आस्लाकच्या वरातीच्या धुनेचं फोटोंतून प्रदर्शन करायचं मंडळानं ठरवलं, तेव्हा काम गुरोकडे आलं. सबंध वसंतभर ती त्या वाटेनं चालली. आस्लाक फिडल छातीशी धरायचे, तिथंच तिनं कॅमेरा टांगला. धुनेतला एक तुकडा पुनःपुन्हा येतो, दर वेळी एखादा सूर बदलून. म्हणून तिनं एकच फाटक पुनःपुन्हा टिपलं.

मंडळाचा अध्यक्ष हालडोर, शाळेत तिच्याच वर्गातला, फोटो बघायला दुकानात आला.

"फाटक, फाटक, परत फाटक! रीळ अडकलं होतं का गं?"

"माझ्या बाबालाही विचारायचं होतंस, तोच तुकडा परत का वाजवतोस म्हणून."

"ते संगीत आहे, बाई."

"मग हे काय आहे? कडी बघ."

हालडोरनं चष्मा कपाळावरून खाली घेतला. एका फोटोत कडी घातलेली होती, दुसऱ्यात अर्धवट उचललेली, तिसऱ्यात ती लोंबत होती आणि फाटकापलीकडचा रस्ता काळा पडला होता.

"बरं, कडी. पण नवरी कुठाय?"

"मागे. बाबा वळून बघत बसला असता तर खड्ड्यात गेला असता."

"लोक ओस्लोहून येणार आहेत, गुरो. त्यांना काय तुझ्या बाबाची चिडचिड दाखवायची?"

"ती धुनेतच आहे. तुम्ही धून इतकी हळू वाजवता की चिडचिड बिचारी झोपून जाते."

शेवटचा फोटो चर्चच्या दाराचा होता. बंद दार, पायरीवर बसलेल्या माणसाला दिसतं तसं खालून.

"हा शेवटी," गुरो म्हणाली. "हा नसेल तर एकही लावायचा नाही. बाकी सगळं याच्यासाठी आहे."

"शब्द देतो," हालडोर म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला.

प्रदर्शन उन्हाळ्याच्या सणाला उघडलं. ग्रामसभागृहात गुरो भिंतीच्या कडेकडेनं चालत गेली. रस्ता. फाटक. फाटक. आणि शेवटच्या जागी चांदीचा मुकुट घातलेली, सगळे दात दाखवून हसणारी रंगीत नवरी.

जवळच मंडळातली बिर्गित आंबट सायीची लापशी वाढत होती.

"दार कुठंय, बिर्गित?"

"हालडोर म्हणाला, शेवट जरा उजळ हवा. रागावू नकोस गं, पोरगी गोड आहे की! लापशी घे, दालचिनी घालू?"

"दार कुठंय?"

बिर्गितची नजर पातेल्याकडे गेली आणि तिचा चेहरा पडला. "अगं बाई... नीट बघितलंच नाही, मला पुठ्ठाच वाटला. टेबल नवीन आहे ना, चटका बसेल म्हणून..."

गुरोनं पातेलं स्वतः उचललं. खालच्या दाराच्या फोटोवर तपकिरी गोल उमटला होता, गरम, चिकट.

तेवढ्यात सभागृहाचं दार उघडलं आणि मंडळाचा एक वादक आस्लाकची धून वाजवत आत आला. मागे मुकुट घातलेली, फोटोतली तीच पोरगी. सगळ्या माना पोरीकडे वळल्या. वादकाकडे एकही नाही.

धून भिंतीच्या टोकाशी येऊन थांबली. टाळ्या पडायच्या आधी क्षणभर तरफेच्या तारा गुणगुणल्या. हालडोरनं खिशातून फोन काढला.

"ये, गुरो, नवरीशेजारी उभी राहा! आज तुझा फोटो मी काढतो. आणि जरा हस की, मेल्या मेंढीसारखी काय बघतेस?"

लोक हसले.

गुरोनं फोटो फिडलसारखा काखेत घेतला. लापशीचा गोल तिच्या चांगल्या कोटाला चिकटला. नवरीकडे पाठ करून ती सभागृहाच्या सबंध लांबीभर चालत गेली, बाहेर पडली आणि तिनं बाहेरून दार लावून घेतलं.