आरोपी क्रमांक तीनचं काशीतलं पान

“मैडम के थैले में अस्थि नहीं, फ़ाइल है।”

धुक्यातून हे वाक्य आलं तेव्हा मी बनारस स्टेशनबाहेर कापडी पिशवी छातीशी धरून उभी होते. शेकोटीपाशी पंड्यांची (तीर्थपुरोहितांची) दोन माणसं बसली होती. अर्धा तास त्यांनी मला गाव विचारलं, आडनाव विचारलं, घरातलं कोण गेलं तेही हळू आवाजात विचारून झालं. शेवटी पिशवीतून डोकावणारी फायलीची लाल नाडी एकाला दिसली आणि दोघांचाही माझ्यातला रस संपला.

कंपनी कायद्याचं काम बघणाऱ्या सरकारी खात्यात मी वकील होते. नोकरीला जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्या काळात सागाची रोपं लावून लोकांना श्रीमंत करण्याचं वचन देणाऱ्या कंपन्या गल्लोगल्ली निघाल्या होत्या, आणि त्यातल्या काही एखाद्या सकाळी दारावरच्या पाटीसकट नाहीशा होत. आमच्या खटल्यातल्या कंपनीचे दोन संचालक असेच पळाले होते. हाती लागला होता एकच, आरोपी क्रमांक तीन. ऑफिसात त्याला सगळे ‘तीन नंबर’ म्हणत. त्याचं म्हणणं साधं होतं: कंपनीचं माहितीपत्रक छापलं दिवाळीत, मी राजीनामा दिला श्रावणात, त्यामुळे त्यातल्या खोट्या गोष्टींशी माझा संबंध नाही. राजीनाम्याची प्रत त्याने जोडली होती. ती मागाहून तयार केलेली आहे अशी आमची खात्री होती, पण पुरावा नव्हता. पुढच्या तारखेला तो सुटला असता, आणि फसलेल्या लोकांना जाब द्यायला मग कोणीच उरलं नसतं.

फाइल तिसऱ्यांदा वाचताना मला त्याचं एक पत्र सापडलं. एका नोटिशीचं उत्तर उशिरा का दिलं, तर दिवाळीनंतर वडिलांच्या अस्थी घेऊन काशीला गेलो होतो, असं त्यात होतं. आमचे शिपाई सावंतमामा यांनी ते माझ्या खांद्यावरून वाचलं.

“काशीला गेला म्हणजे पुरोहिताच्या वहीत लिहिलं असणार, मॅडम. आपल्या हाताने लिहायचं असतं. आपलं नाव, बापाचं, आज्याचं, गाव, हुद्दा. हुद्दा तर कोणी सोडत नाही. मी पण लिहून आलोय, ‘केंद्र सरकार’!”

आमचे वरिष्ठ हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, “जा. आठ दिवस आहेत.”

दोन दिवस प्रवासातच गेले. अलाहाबादपुढे गाडी धुक्यात उभी राहिली ती नऊ तास.

उतरायची सोय दुर्गा घाटाजवळ सुमनताईंकडे होती. त्यांचे यजमान रेल्वेत, आणि घर तीन पिढ्यांपासून काशीत. मराठी घरापुरती. मी पोचले तेव्हा त्यांनी पुढे ठेवलेले पोहे मी मुंबईचे समजून खाल्ले आणि थांबले. “मटर-चूडा म्हणतात याला,” त्या म्हणाल्या (कोवळ्या मटारात, तुपात परतलेले पोहे). “आम्ही याला पोहेच म्हणतो, काय करणार? गाव कोणतं म्हणालात त्या मुजरिमचं?”

“अजून मुजरिम नाही, आरोपी,” मी म्हटलं. घरात शिरल्यापासूनचं माझं ते पहिलं वाक्य. सुमनताईंना हसू आवरेना.

साताऱ्याकडचं ते गाव ऐकल्यावर त्यांना विचार करावा लागला नाही. इथे तीर्थाला येणारे यजमान गावांनुसार पुरोहितांमध्ये वाटलेले असतात, आणि त्या पट्ट्यातली सगळी गावं भाऊगुरुजींची. “पण सांभाळून बरं का. बहोत जिद्दी आहेत.”

भाऊगुरुजींचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. सुमनताई बरोबर आल्या. सत्तरीचे, अंगावर धाबळी, समोर बसकं मेज. मागच्या फडताळात लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्यांच्या थप्प्या. त्यांनी विचारलं, “गाव कोणतं, मुली?”

“मुंबई.”

“मुंबई मुक्काम झाला. गाव विचारतोय.”

मला ते नीट सांगता येईना. गडबडून मी लॉ कॉलेजात शिकलेली शिस्त पाळली, म्हणजे आधी कागद, मग बोलणं. पुरोहितासाठी आणलेलं, वही हजर करण्याचं समन्स पिशवीतून काढून त्यांच्या मेजावर ठेवलं. ते त्यांनी चष्मा पुसून सबंध वाचलं. खालच्या छापील ओळीत, हजर न राहिल्यास अटकेचं वॉरंट निघेल, असं होतं. तिथे त्यांचं बोट थांबलं.

“ज्याची वही त्याच्या घरचा माणूस आला तर उघडतो. परक्याला नाही. माझ्या पणजोबांनी उघडली नाही, मी उघडणार नाही.” त्यांनी समन्सची घडी घालून माझ्या हातात दिली. “पुलिस आणा, ताळा तोडा. माझ्या हाताने होणार नाही.”

परतताना सुमनताई माझ्यापुढे भराभर चालल्या. दाराशी येऊन म्हणाल्या, “अहो, त्यांच्याशी पोस्टमनही नमस्कार करून बोलतो. तुम्ही डायरेक्ट वॉरंट?”

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून मी घाटांवर निघाले. कायद्याने मला पोलिसांची मदत मिळाली असती. पण कुलूप तोडून काढलेली वही कोर्टात मुकी राहिली असती. ती कोणाची, कोणी लिहिली, कोणासमोर लिहिली, हे सांगणारा माणूस शत्रू होऊन कशाला तोंड उघडेल?

भोसले घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळावरून पाय सटकला. पडताना मी फाइलची पिशवी डोक्यावर धरली. फाइल कोरडी राहिली, मी कमरेपर्यंत भिजले. स्नान करणाऱ्या बायकांना हे फार आवडलं. “टिकट की ज़रूरत नहीं पड़ी, गंगाजी ने खुद बुला लिया!” एकीने हात दिला, दुसरीने शाल. ओल्या सलवारीत कुडकुडत मी मणिकर्णिकेच्या चितांच्या धगीवरून पुढे गेले. तिथल्या उबेने बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा संकोचही वाटला. पुढे एका गाड्यावर मलइयो खाल्लं (रात्रभर दवात ठेवलेल्या दुधाचा केशरी फेस). चमचा तोंडात जातो आणि नुसती चव उरते. अहिल्याबाई घाटावर उन्हाची पहिली तिरीप आली होती, तिथे सलवार वाळवत बसले.

शेजारी छत्रीखाली एक मराठी कुटुंब पुरोहितापुढे बसलं होतं. मुलाने घरचं पान बघून सही केली. मग मागे बसलेल्या त्याच्या आईने विचारलं, “गुरुजी, माझ्या माहेरचं पान असंल का?” पुरोहिताने तिला वडिलांचं नाव विचारलं, आजोबांचं, पणजोबांचं. तिने सांगितलं. त्याने काही न बोलता दुसरी वही काढली. म्हातारी वाकून बापाची सही बघत राहिली.

मी फाइल तिथेच उघडली. पहिली तक्रारदार मालतीबाई, निवृत्त शिक्षिका. तक्रारीतलं पहिलं वाक्य मला पाठ होतं, पण त्याचा अर्थ आत्ता लागत होता: ‘सदर इसम माझा सख्खा चुलत भाऊ असल्याने मी त्याच्यावर विश्वास ठेवला.’

भाऊगुरुजींसमोर जाऊन मी आधी नमस्कार केला. कालच्याबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, “बसा. काम काय करता तुम्ही, ते सांगा. त्या कागदावरून कळलं नाही.”

माझं सगळं काम इंग्रजीत. ते मराठीत सांगायची वेळ माझ्या आईनेही आणली नव्हती. शब्द शोधत, थांबत मी म्हटलं, “कंपनी म्हणजे कागदावरचा माणूस, गुरुजी. त्याला हातपाय नसतात, सही करणारे असतात. लोक त्या सह्यांवर विश्वास ठेवतात. आणि पुढे काही बिघडलं की सही करणारा म्हणतो, मी तेव्हा नव्हतोच. तो होता, हे दाखवून देणं माझं काम.”

त्यांनी मागच्या फडताळाकडे पाहिलं. “पाच पिढ्या आम्ही तेच करतोय,” ते म्हणाले. “माणूस येऊन गेला, हे सांगायचं.” मग लगेच कडक झाले. “तरी नियम तो नियम.”

“घरची व्यक्ती आहे, गुरुजी. त्या आरोपीच्या चुलत बहीण. पण त्या साताऱ्याजवळ असतात. फोनवर...”

मला वाटलं, आता रागावतील. ते उठले आणि उपरणं घेतलं. “चला. माणसाची ओळख नावांनी पटते. तोंड बघून कोणाची पटली आहे?”

चौकातल्या एसटीडी बूथसमोर रांग होती. गुरुजींना बघून ती आपोआप बाजूला झाली. मालतीबाईंचा नंबर शेजारच्या डॉक्टरांकडचा. ‘बोलावून आणतो, दहा मिनिटांनी करा.’ दहा मिनिटं गुरुजी मीटरवर पळणाऱ्या लाल आकड्यांकडे बघत उभे राहिले आणि बूथवाल्याला, हे यंत्र कधी चुकतं का, असं विचारत राहिले. बूथवाला म्हणाला, “पंडितजी, चुकलं तरी पुढेच चुकतं, मागे कधी नाही.”

मालतीबाई आल्या. मी दोन वाक्यांत सांगून फोन गुरुजींच्या हातात दिला.

“वडिलांचं नाव? ... आजोबा? ... त्यांचे वडील? ... बरोबर. पणजोबांना एक धाकटा भाऊ होता, लहानपणीच गेला. त्याचं नाव?” रांगेतली माणसं जवळ सरकली होती. पलीकडून उत्तर आलं. मग गुरुजींनी डोळे मिटले. “दत्तू. विहिरीत. हो.” ही नावं त्यांना तोंडपाठ नसणार. रात्री त्यांनी ती वही काढून पाहिली असणार, हे मला तेव्हा कळलं.

“बाई, तुमच्या घरचं पान या मुलीपुढे उघडू?”

पलीकडे मालतीबाई बराच वेळ बोलल्या. मला ऐकू आलं नाही. गुरुजी शेवटी एवढंच म्हणाले, “तो तुमचा भाऊ आहे, हे माझ्याही लक्षात आहे. तुम्ही म्हणाल तरच.” आणि मग, “ठीक.”

घरी परतल्यावर वही त्यांनी मेजावर उभी उलगडली. जुन्या काळ्या शाईच्या ओळी, मोडी, मग देवनागरी, आणि सगळ्यात खाली निळ्या बॉलपेनची. तीन नंबरचं अक्षर मला झोपेतही ओळखू आलं असतं. स्वतःचं नाव, बापाचं, आजोबांचं, बायकोमुलांची. पुढे दिवाळीनंतरची तारीख, आणि त्याखाली ‘संचालक’ लिहून कंपनीचं पूर्ण नाव. संचालक या शब्दाखाली त्याने दोन रेघा मारल्या होत्या.

राजीनाम्याची प्रत काढून दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या आणि चष्मा पुसला. सुमनताई दारातून म्हणाल्या, “मिळालं? बोला तरी!” मी मान डोलावली.

फोटोग्राफर बोलावला, नोटरीकडे जाऊन प्रतिज्ञापत्र झालं. उरला एकच प्रश्न. कोर्टाला मूळ वही लागणार होती.

“वही घराबाहेर जात नाही,” गुरुजी म्हणाले. मी काही बोलणार एवढ्यात त्यांनी फडताळावरून ट्रंक खाली घेतली. “एकटी जात नाही, असं म्हणतोय. तिच्याबरोबर मी येतो.”

परतीच्या प्रवासात त्यांनी वही सबंध वेळ मांडीवर ठेवली. सुमनताईंनी दिलेल्या दशम्या खाल्ल्या, बाहेरचं पाणीही घेतलं नाही. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी विचारलं, “नातीबरोबर निघालात वाटतं?”

“या सरकारच्या वकील,” गुरुजी म्हणाले. “मी यांचा साक्षीदार.”

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर मोहरीची पिवळी शेतं होती आणि मला ती धड दिसत नव्हती. माझ्या बरोबरीच्या मुली मोठ्या फर्ममध्ये होत्या, त्यांचे पगार आणि गाड्या ऐकून मी आजवर गप्प बसत असे. माझ्या कामाला इतकं थोडक्यात आणि इतकं मोठं आधी कोणी म्हटलं नव्हतं. हे काम मी निवडलं होतं, आणि ते मला येत होतं. एवढी साधी गोष्ट स्वतःशी कबूल करायला मला काशीला जाऊन यावं लागलं.

मुंबईच्या कोर्टात भाऊगुरुजी लाल कापडातली वही घेऊन आत आले, तेव्हा आरोपीच्या जागेवरून तीन नंबर नकळत उठला आणि त्याने हात जोडले. गुरुजींनीही सवयीने आशीर्वाद दिला. मग दोघांनाही आपण कुठे आहोत ते आठवलं असावं. तीन नंबर खाली बसला. त्याच्या वकिलाने हरकत घेतली की ही खासगी वही, हिला पुरावा कसं म्हणायचं. न्यायाधीशांनी आमच्या टेबलाकडे पाहिलं.

कोर्टात मी नेहमी मागे बसून वरिष्ठांना चिठ्ठ्या पुढे करत असे. त्या दिवशीची चिठ्ठी त्यांनी घेतली नाही. खुर्ची मागे सरकवून जागा करून दिली. “साक्षीदार तू आणलास. तूच घे.”

मी उठले. शपथ झाली होती, पान उघडं होतं, गुरुजी माझ्याकडे बघत होते. कलमं मला इंग्रजीत पाठ होती, ती मी तशीच राहू दिली.

“गुरुजी,” मी मोठ्याने विचारलं, “हे पान तुमच्यासमोर कोणी लिहिलं?”