अमावास्येची बागफेरी

अमरावतीबाहेर भाजीचा मळा करणाऱ्या शालिकरामचा एक नेम होता. अमावास्येला मातीला हत्यार लावायचं नाही. बापापासून चालत आलेला हा नेम तो कडक पाळी. फक्त तो आपल्याच मातीपुरता आहे, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

दर अमावास्येला तो शेजारच्या मळ्यातल्या नत्थुजी आणि चंद्रभानबरोबर सरकारी बागा बघायला निघे. ते दोघं बाकावर बसून फुटाणे खात आणि माणसं बघत. शालिकराम वाफे बघे. कमरेला बापाचं खुरपं खोचलेलं असेच. अमरावतीच्या बागेत गुलाबात गवत माजलेलं, अचलपुरात मोगऱ्याला पाणी जास्त, असं काही ना काही निघेच, आणि निघालं की हा तिथंच उकिडवा बसे. "हा सोयऱ्याच्या घरी गेला तरी पहिले त्याईची तुळस खुरपते," असं त्याची बायको पार्बताबाईच सांगे.

आषाढातल्या अमावास्येला तिघं बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेले. तिथल्या बागेत शेवंतीचा लांबच लांब वाफा होता आणि एकाही झाडाचा शेंडा खुडलेला नव्हता. शेंडा खुडला नाही तर शेवंती नुसती उंच होते, फुटवे धरत नाही. शालिकरामचा जीव कासावीस झाला. नखानं शेंडे खुडत, खुरप्यानं बुडखे मोकळे करत त्यानं अर्धा वाफा उरकला, तेव्हा मागे बागेचा जमादार उभा होता.

"काय करून राहिले तुमी?"

"शेंडे खुडून राहिलो. तुमच्यानं झालं नाही म्हणून."

एवढं गोड बोलल्यावर जमादारानं खुरपं काढून घेतलं आणि त्याला फाटकाबाहेर घातलं.

"तुयं नाव अकोल्यापर्यंत गेलं, गड्या," गाडीत नत्थुजी म्हणाला. शालिकराम हसला नाही. त्या खुरप्याची मूठ बापाच्या अंगठ्यानं झिजली होती आणि त्या खळग्यात याचा अंगठा नेमका बसे. नवं खुरपं हातात ठरेना. चार महिने तो मनातून झुरला, आणि बाहेरून पार्बताबाईवर खेकसत राहिला.

शेवटी तिनंच दोघांना गाठून सांगितलं, "याले अकोल्याले घेऊन जा, नाहीतर मी माहेरी जातो."

कार्तिकातल्या अमावास्येला दोघांनी त्याला ओढतच नेलं. "माफी मांग अन् खुरपं घे. शेवंतीचं नाव काढू नको," नत्थुजीनं बजावलं. शालिकराम वाटभर माफीचे शब्द घोकत होता.

वाफ्यापाशी आल्यावर तो ते सगळे विसरला. अर्धा वाफा असा फुलला होता की पान दिसत नव्हतं. त्याला जिथून उठवलं होतं, नेमकी तिथून पुढची झाडं काटकुळी उभी होती, शेंड्याला एकेक फूल घेऊन.

जमादार आला. खुरपं त्याच्याच कमरेला होतं.

"साहेबानं इचारलं, हे कोणं केलं? मी म्हटलं, मीच केलं. मंग बाकीचं कावून सोडलं, म्हणे. आता त्याले काय सांगू?"

त्यानं खुरपं पुढं केलं. "पुढच्या आषाढात या. मी फाटकापाशी उभा राहीन."

अंगठा खळग्यात बसला आणि शालिकरामचे डोळे भरून आले. ते कोणी बघू नये म्हणून तो मान खाली घालून पात्यावर बोट फिरवत राहिला.

"धार घालवली तुमी," तो म्हणाला आणि तिथंच उकिडवा बसला.

माफी मागायची राहिली, हे तिघांनाही बडनेऱ्याला उतरल्यावर आठवलं.