बाहेरला सोमवार

इचोड्याच्या गयाबाईच्या खानावळीत एकदा जेवलेला माणूस पुन्हा येतोच, आणि आला की आधी तिची बोलणी खातो. "इतके दिवस कुठी मेला होता रे?" हे तिथलं स्वागत. मग पुढ्यात ताट येतं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, वांग्याचं भरीत आणि कडेला ठेचा. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रकवाले हमरस्ता सोडून मुद्दाम गावात वळतात ते या भरितासाठी. गिऱ्हाईक पंजाबी असो की तमिळ, गयाबाईची हिंदी सगळ्यांना एकच. "और लेव, शरमाव मत."

आता एवढ्या लोकांना पोटभर घालणाऱ्या बाईचं स्वतःचं जेवण कसं होत असेल? होत नसे, उरकत असे. शेवटचं गिऱ्हाईक उठलं की उरलेली भाकरी, भांड्याच्या तळाचं वरण, तेही गार, आणि ओट्याशी उभ्या उभ्या. लग्न होऊन आली तेव्हापासून हाच क्रम. आधी सासरे, मग दीर, मग नवरा, मग लेकरं आणि पुढं ट्रकवाले. साठी आली तरी आपण आधी बसलोय आणि कोणीतरी गरम गरम वाढतंय, असं एकदाही झाल्याचं तिला आठवत नव्हतं. याचं तिला वाईट वाटे, फार वाईट वाटे. पण ती बोलत नसे. बोलली असती तर लोक म्हणाले असते, "मंग खा ना आधी, कोनं धरलं?" या प्रश्नाला कोणत्याही बाईकडं उत्तर नसतं.

त्यात ट्रकवाल्यांची जात दुष्ट. हिच्या हातचं खाता खाता दुसरीकडच्या जेवणाच्या कहाण्या सांगायची. गुंटूरकडच्या एका ड्रायव्हरनं एकदा सिकंदराबाद स्टेशनाजवळच्या एका हॉटेलची गोष्ट काढली. जिना चढून वर जायचं, केळीच्या पानावर जेवायचं, आणि तुम्ही हात आडवा धरेपर्यंत वाढपी हलत नाही. तूप तर विचारून वाढत नाहीत, ओततात म्हणे.

"मंग तिथंच राह्यचं, इकडं काऊन आला?" असं म्हणून गयाबाईनं त्याच्या ताटात चौथी भाकरी आपटली. पण ते हॉटेल तिच्या मनात जाऊन बसलं ते बसलंच.

हैदराबाद तिला नवं नव्हतं. लग्नं, बारशी, नवऱ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, बऱ्याच फेऱ्या झाल्या होत्या. जग जिथं खायला जातं त्या शहरात जाऊन तिनं दर वेळी वरण-भात खाल्ला होता, कारण तिथं सोयरे होते. आणि ज्या गावात सोयरे आहेत त्या गावात हॉटेलात जेवणं म्हणजे सोयऱ्याच्या तोंडात मारणं. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, म्हणूनच तो मोडता येत नाही.

अशात खानावळीसमोर नाली खोदायचं काम निघालं आणि दाराशी खंदक झाला. आठवडाभर गिऱ्हाईक येणार नव्हतं. शेजारी बांगड्यांचं दुकान होतं लक्ष्मीबाईचं, तीही हातावर हात ठेवून बसली होती. गयाबाई तिला म्हणाली, "बाई, आता आपल्या राज्यात बायांले एस्टी फुकट हाये. आधार कार्ड घे अन् चाल हैदराबादले."

"कोनाचं लगीन हाये?"

"कोनाचंच नाई. जेवाले जाऊ."

लक्ष्मीबाईला आधी हे समजलंच नाही. समजलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की गयाबाईला तिच्या पाठीत थोपटावं लागलं. बेत असा ठरला, की स्टेशनाजवळ एखाद्या धर्मशाळेत उतरायचं आणि कोण्या सोयऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

गयाबाईचे मालक बाबाराव हे देवमाणूस. जवळच्या मावला गावात त्यांचा भाजीचा तुकडा आहे. खानावळीला लागणारी वांगी तिथलीच. पंचांग पाहिल्याशिवाय ते वांग्याचं रोपही लावत नाहीत. दोन बायका परक्या शहरात जाणार आणि तिथं सख्खी भाची असून तिला खबर नाही, हे त्यांच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं. बस वाटेतल्या निर्मळच्याही पुढं गेली नसेल, तोवर त्यांनी हैदराबादेत काचीगुड्याला भाचीकडं फोन लावला. "विनोदिनी, तुई मामी येऊन राह्यली. घ्याले जा."

संध्याकाळी दोघी जुबिली स्टँडवर उतरल्या तर समोर विनोदिनी रिक्षा ठरवून उभी. "मामी! मला न सांगता आलात?" गयाबाईनं मनातल्या मनात नवऱ्याचा उद्धार केला आणि तोंडानं म्हणाली, "तुले त्रास नको म्हनलं वं."

विनोदिनी पोरगी गुणाची. सरकारी कचेरीत नोकरी, घरी नवरा, सासू आणि दोन मुलं. पहाटे उठून सगळ्यांचे डबे करून ऑफिस गाठणारी. मामी आली म्हणून तिला झालेला आनंद खरा होता, आणि तिथंच सगळा घोटाळा होता. रात्री पानं वाढताना ती लाडात येऊन म्हणाली, "मामी, तुमच्या हातचं भरीत खाऊन किती वर्षं झाली. उद्या रविवार. कराल?"

मग काय विचारता! एकदा भरीत म्हटल्यावर सासूबाईंनी पिठलं सुचवलं. शेजारच्या मराठी बिऱ्हाडाला वास जाणार, तेव्हा त्यांना बोलावणं आलंच. त्यांच्याकडं पाहुणे होते, मग पाहुण्यांनाही. नोकरदार मंडळी बोटं चाटत "अस्सल, अस्सल" म्हणत होती आणि गयाबाई हैदराबादला येऊन भाकऱ्या थापत होती. सगळ्यांत शेवटी ती ओट्याशी उभी राहून गार भाकरी मोडायला लागली, तेव्हा तिला स्वतःचाच असा राग आला की तिनं उरलेली भाकरी तशीच झाकून ठेवली. इचोड्यात नाली खणली म्हणून सुटकेची वाट मिळाली होती, ती इथं येऊन बुजली.

"झालं वं तुयं जेवन हैदराबादचं?" लक्ष्मीबाई हळूच म्हणाली.

गयाबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की लक्ष्मीबाई भांडी विसळायला पळाली.

सोमवारी संध्याकाळी परतीची बस होती. विनोदिनीनं रजा टाकलेली. सकाळी तिनं कढई चढवली आणि विचारलं, "मामी, नाश्त्याला पोहे करू की उपमा?"

आणि गयाबाई, जी उभ्या आयुष्यात देवाच्या नावानं खोटं बोलली नव्हती, ती म्हणाली, "मले नाई चालत वं आज. माया बाहेरला सोमवार हाये."

"म्हणजे?"

"व्रत हाये." आता माघार नव्हती. "या दिवशी आपल्या चुलीचं खायाचं नाई, अन् सोयऱ्याच्या चुलीचं बी नाई. वळखी ना पाळखीच्या मानसानं शिजवलं, अन् त्यानंच वाढलं, तर खायाचं. बसून खायाचं. उठाचं नाई."

या व्रताचं नाव लक्ष्मीबाईही पहिल्यांदाच ऐकत होती. पण बाई पक्की दुकानदारीण. गिऱ्हाईक कुठं वळतंय ते तिला आधी कळतं. "मी बी धरलंय," ती म्हणाली. "दोघीनं संगंच धरलं."

विनोदिनीनं मामीकडं पाहिलं. मग विनोदिनीनं गॅस बंद केला, कढई उतरवली आणि पदर कमरेतून सोडला. "मामी, हे व्रत मला धरता येईल का हो? आजच्या आज?" तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. ते हसू होतं की भक्ती, हे गयाबाईला आजतागायत कळलेलं नाही. पण पोरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसली, आणि ती म्हणाली, "धर वं माय, तूच धर."

सासूबाईंनी तिघींना कुंकू लावून पाठवलं.

व्रताचा आरंभ एका जुन्या इराणी हॉटेलात झाला. चहा इतका दाट की लक्ष्मीबाईला आधी बासुंदीच वाटली. पोऱ्यानं न विचारता समोशांची थाळी आणून ठेवली. हवे तेवढे खायचे, बाकीचे तो परत नेतो, ही तिथली रीत. पण वाढलेलं टाकू नये ही लक्ष्मीबाईची रीत. तिनं "अन्नाचा अपमान नको" म्हणत म्हणत थाळी संपवली, तर त्यानं दुसरी आणून ठेवली. विनोदिनीनं मध्ये पडून तिला वाचवलं. मग चारमिनारपाशी बिर्याणीचा वास आला तेव्हा लक्ष्मीबाईनं विचारलं, "या व्रतात मटन चालते का वं?"

"सोमवार हाये," गयाबाई म्हणाली. खोट्या व्रतालाही नेम हवेतच. लक्ष्मीबाईनं मोठा उसासा टाकला आणि त्याऐवजी सायीबरोबर खुबानीचा मिठा, म्हणजे जर्दाळूचं गोड, खाल्लं.

दुपारी त्या सिकंदराबादला पोचल्या. स्टेशनाजवळ विचारत विचारत जिना सापडला. वर पंखे गरगरत होते आणि लांबलचक टेबलांवर केळीची पानं मांडलेली होती. गयाबाई बसली आणि लगेच उठली. समोरच्या टेबलावर खरकटं पान तसंच पडलं होतं, ते तिला बघवेना. विनोदिनीनं दंडाला धरून खाली बसवलं. "मामी, व्रत मोडेल."

वाढपी आला. पांढऱ्या मिशांचा, हातात बादली. भाताचा वाफाळता ढीग घातला, त्यावर डाळ, डाळीची कोरडी पूड, बाजूला हिरवीगार आंबट चटणी. "नेय्यी, अम्मा?" असं विचारलं खरं, पण उत्तराची वाट न बघता तूप ओतलं. ट्रकवाला खोटं बोलला नव्हता.

गयाबाईनं पहिला घास घेतला आणि जिभेला चटका बसला. गरम होता. डोळ्यांतून पाणी आलं आणि ते चटक्याचं नव्हतं. इतक्या वर्षांचं काहीतरी होतं, ते एका घासासरशी वर आलं. लाजबीज काही वाटली नाही तिला. पदरानं डोळे पुसून ती जेवायला लागली.

चटणी चाखली आणि ती ओरडलीच, "अवं, हे तं आपली अंबाडी!" घरी सालोसाल केलेली अंबाडी, पण दुसऱ्याच्या हातची खाताना ती वेगळीच लागत होती. वाढपी पुन्हा आला. तिनं हो म्हटलं. पुन्हा आला, पुन्हा हो. पोट कधीच भरलं होतं, पण कोणी विचारतंय म्हटल्यावर नाही म्हणायला जीव होईना. शेवटी दहीभातावर गाडी थांबली, तेव्हा वाढपीसुद्धा समाधानानं हसला.

इथवर सगळं छान झालं. पण लक्ष्मीबाईच्या पोटात एवढं अन्न राहिलं, व्रत काही राहिलं नाही. इचोड्यात पोचल्यावर बांगड्या भरता भरता तिनं ते गावभर केलं, आणि सांगता सांगता तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. तिच्या सांगण्यात आता हे व्रत फार जुनं होतं, आणि त्यानं गुडघेदुखी जात होती. पुढच्या सोमवारी बसस्टँडजवळच्या टिफिन सेंटरात कुंकू लावलेल्या बायका रांगेनं इडली-वडा खाताना दिसल्या. पुरुषमंडळी घरी रात्रीचा शिळा भात परतत बसली होती. टिफिनवाल्याला काय झालं ते कळेना, पण त्यानं सोमवारी वडे जास्त घालायला सुरुवात केली.

बाबारावांनी हे सगळं ऐकलं आणि ते काळजीत पडले. बायकोनं व्रत धरलं आणि आपल्याला पत्ता नाही! त्यांनी पंचांग उलटंपालटं केलं. बाहेरला सोमवार काही सापडेना. सापडेना म्हणजे ते व्रत कडकच असणार, असा त्यांनी अर्थ काढला. संध्याकाळी ते शेतातून आले आणि पायही न धुता ओट्यापाशी येऊन उभे राहिले.

"अवं, याचं उद्यापन करा लागत असन ना? धरलेलं असं अर्धवट ठेवू नये."

गयाबाईच्या हातात परात होती. खरं सांगून टाकावं असं तिला एकदा वाटलं. मालक रागावले नसते, हसले असते आणि विषय संपला असता. तोच विषय तिला संपवायचा नव्हता. तिनं परात खाली ठेवली.

"करा लागते," ती म्हणाली. "उद्यापनाले घरधन्यानं रांधाचं. अन् बाईले आधी बसवून वाढाचं."

बाबारावांनी हात जोडून देव्हाऱ्याकडं पाहिलं, बाहेर जाऊन पाय धुतले आणि खरोखरच चुलीपुढं बसले. वांगं भाजायला घेतलं, ते एका बाजूनं कोळसा आणि दुसऱ्या बाजूनं कच्चं. भाकरी थापायचा प्रयत्न केला, तिचे तुकडे तुकडे झाले. मीठ कुठं असतं हे त्यांना तीनदा विचारावं लागलं. गयाबाई पाटावर बसून होती. उठावंसं तिला पुष्कळ वाटलं, पण उठायचं नाही हा नेम तिचा तिनंच घातला होता.

अखेर ताट समोर आलं. बाबाराव घामाघूम होऊन तिच्यापुढं उकिडवे बसले. तिनं भाकरीचा एक तुकडा भरितात बुडवून तोंडात टाकला. मीठ दुप्पट झालं होतं.

"कसं झालं?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"गरम हाये," गयाबाई म्हणाली आणि तिनं ताट पुढं केलं. "वाढा आनखी."