पुरुषांच्या बाजूने पाहिलेला खून

थोर कलाकृती प्रत्येकाला वेगळी दिसते, यावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे. फक्त वेगळी दिसण्याची कारणं दर वेळी थोर असतातच असं नाही.

मी तेव्हा परतूरला मास्तर होतो. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती आणि धान्याच्या मोंढ्यामागच्या मैदानात तंबूतला सिनेमा पुन्हा येऊ लागला होता. त्या हिवाळ्यात एक जुना, काळा-पांढरा रहस्यपट आला. गोष्ट साधी. एका प्रतिष्ठित वकिलाला बायकोचा काटा काढायचा आहे. बायको रोज न्हाऊन आली की गच्चीच्या लाकडी कठड्यावर रेलून केस वाळवते. वकील रोज, ती न्हाणीत असताना, पेचकसाने कठड्याचा पेच थोडा थोडा फिरवून ठेवतो. कोण मारणार, कसं मारणार, सगळं पहिल्याच रिळात कळतं. ती आज रेलणार का, एवढंच उरतं. बाई केस झटकत गच्चीत आली की तंबूत शेंगा फोडायचा आवाज थांबायचा. सिनेमाला याहून मोठी दाद मी पाहिलेली नाही.

मला मात्र तेवढ्यावर थांबवेना. वाचनालयाने सिनेमाच्या रसग्रहणावर माझं भाषण ठेवलं होतं. ते जमलं तर मला कार्यकारिणीवर घेऊ, असं अध्यक्ष म्हणाले होते. अध्यक्ष निवृत्त तहसीलदार होते आणि शाल पांघरल्याशिवाय मत देत नसत. मला ती जागा फार हवी होती. म्हणून मी साध्या गोष्टीत खोल अर्थ शोधायला लागलो, आणि तो सापडला.

पेच सैल करायचा तर डावीकडे फिरवावा लागतो. पडद्यावरचा वकील उजवीकडे फिरवत होता. म्हणजे आवळत होता! खुनी माणसाचा हात नकळत बायकोला वाचवतो आहे, आणि तरी कठडा निखळतो. अशी बारकाई मी कुठे वाचलीही नव्हती.

घरी बायकोला सांगितलं.

"आवळत कुठं होता? सैलच करून राह्यलता की. खून करायचाय ना त्याला?"

"तुम्हा बायकांचं सगळं लक्ष तिच्या केसांवर."

"केसांवरच होतं. ती पडंल म्हणून."

वाचनालयात सतरंज्या भरल्या होत्या, एकीकडे पुरुष, दुसरीकडे बायका. बहुतेकांनी सिनेमा पाहिला होता. मी उजवा हात उंचावून, हवेत पेच आवळत, मुद्दा मांडला. पुरुषांमधून सायकल दुरुस्तीच्या दुकानाचे मालक, आमचे सायकलवाले, उठले. "सर बराबर बोलून राह्यले. आवळूच लागला होता तो. माझ्या रोजच्या हातातलं काम हाय."

बायकांमधून कुणीतरी विचारलं, "मंग कठडा पडला कसा?"

"त्यालाच कला म्हणतात," मी म्हणालो.

कुजबुज वाढली तसे अध्यक्ष उठले आणि त्यांनी हात वर करायला सांगितले. आवळत होता, म्हणणारे सगळे पुरुष. सैल करत होता, म्हणणाऱ्या सगळ्या बायका. त्यांत माझ्या बायकोचा हात सर्वांत उंच होता आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. अध्यक्षांनी शाल सारखी केली. स्त्री आणि पुरुष यांच्या दृष्टीतला मूलभूत भेद आज या गावात प्रथमच उघड झाला आहे, आणि त्याचं श्रेय आजच्या वक्त्यांना आहे, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मी कार्यकारिणीवर गेल्यातच जमा होतो.

"दृष्टीत काही भेद न्हाई," बायको बसल्या जागेवरून म्हणाली. "तंबूत पडदा मधी होता. मशीन आमच्या बाजूला होती. तुम्ही समदे पडद्याच्या मागं बसल्ता."

खरं होतं. पुरुषांच्या विड्या आणि मशीनमधली फीत एकमेकींपासून लांब राहाव्यात म्हणून तंबूवाला पुरुषांना पडद्यामागे बसवत असे. कापड पातळ होतं, चित्र आरपार दिसायचं, फक्त उलटं. डावं ते उजवं, उजवं ते डावं. आमचा वकील पहिल्या दिवसापासून इमानेइतबारे पेच सैलच करत होता.

सायकलवाले खाली बसले. अध्यक्षांनी शाल काढून घडी घातली आणि म्हणाले, "कार्यकारिणीचं पुढं बघू." पुढं कुणी बघितलं नाही.

शाळेत माझ्याकडे विज्ञान होतं. त्या आठवड्यात आठवीला आरशातल्या प्रतिमेचा धडा चालू होता.