भिंतीवरचा बाळकृष्ण

सांगवीच्या आमच्या देवळात भिंतीवर एक रांगता बाळकृष्ण होता, कुणा जुन्या चिताऱ्यानं रंगवलेला. मी लग्न होऊन आले तेव्हा तो काजळीनं पार काळवंडून गेला होता. हातातला लोण्याचा गोळा तेवढा दिसायचा, तोंड नाही. ती काजळी बरीचशी आमच्या सासूबाईंच्याच दिव्याची. त्यांचा थोरला मुलगा रांगता असतानाच गेला. आमच्या घरात तेव्हा फोटो कुठला! पण त्याचं तोंड हुबेहूब त्या चित्रासारखं होतं, असं त्या म्हणायच्या आणि रोज संध्याकाळी तिथं दिवा लावायच्या.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. गावानं देवळाचा जीर्णोद्धार काढला. इंदापूरच्या एका व्यापाऱ्यानं सागाच्या तुळया दिल्या, कुणी चुना दिला, कुणी गाडी-बैल. आतल्या भिंतींना चुना फासायचा असं ठरत होतं, तेवढ्यात चार माणसांत कधी तोंड न उघडणाऱ्या सासूबाई पदर सावरून उभ्या राहिल्या.

"आबा, चितरावर चुना मारू नगा. आमी बाया घासून काढतो. हीच आमची वर्गणी समजा."

गावच्या कारभारी आबांनी मान डोलावली. मला तर सासूचा असा अभिमान वाटला म्हणता!

घरातले देव, समया आम्ही चिंच आणि राखेनंच उजळायचो. हीही देवाचीच वस्तू, त्यामुळं कुणाच्या मनात शंका आली नाही. आळीतल्या बाया चिंचेचा कोळ घेऊन आल्या, थट्टामस्करी करत कामाला लागल्या. बाळकृष्णाला मात्र सासूबाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. मी मागं पाण्याची कळशी घेऊन उभी होते, मला त्यांची पाठच दिसत होती.

"दिसाया लागला गं," त्या म्हणाल्या आणि आणखी जोरात घासू लागल्या. मग त्यांच्या कोपरावरून निळं पाणी ओघळलं. त्या तळहातानं तो रंग वर सारत राहिल्या. मी हात धरला तेव्हा भिंत पांढरी झाली होती. त्या रडल्याही नाहीत, आणि तेच मला सोसवेना.

गाव हळहळलं. आबांनी बारामतीहून रंगारी आणून नवा कृष्ण काढून घेतला, तेलरंगातला, गुलाबी गालांचा. सगळे सासूबाईंच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी हात जोडले. "लई देखणा हाय," म्हणाल्या. मला त्या कृष्णाचा इतका राग आला की नमस्कारही नीट झाला नाही.

घरी येताना वाटेत त्या थांबल्या. माझं मनगट घट्ट धरलं.

"पोरी, आपल्या लेकराची जिवणी बारीक हुती का रुंद? ह्यो नवा बघितल्यापास्नं मला आठवंनाच झालंय."

"बारीक होती, आत्या," मी म्हणाले. ते लेकरू मी कधी पाहिलंच नव्हतं.